पिसणी कोणावर?

मेंढीकोटाचे गुण कागदावर लिहून ठेवलेले मी कधी पाहिले नाहीत. रमीला पॉइंट असतात, ब्रिजला रेघा आखलेला छापील कागद असतो, जजमेंट खेळायचं तर आधी कुणीतरी पेन शोधायला उठतं. मेंढीकोटाला यातलं काहीच लागत नाही. चार माणसं, पत्त्यांचा एक कॅट, आणि जी जोडी हरेल तिने पत्ते पिसायचे. डाव संपला की जिंकलेले दोघं भिंतीला रेलून बसतात आणि हरलेल्यांपैकी एकजण सतरंजीवर पसरलेली पानं गोळा करायला लागतो. झाला हिशेब.

ब्रिज खेळणारी मंडळी मेंढीकोटाला पोरांचा खेळ म्हणतात ते बहुधा यावरूनच. मला ते अजिबात पटत नाही. मेंढीकोटात हारजीत ठरवण्याची जी रीत आहे ती फार विचाराने बसलेली आहे. कुठल्या क्लबाच्या समितीने ती बसवली नाही, सुट्टीत, लग्नघरात, गौरीच्या जागरणाला गोल करून बसलेल्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून बसवली. तिच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांचा हात या खेळावरून सुटलाय त्यांच्यासाठी आधी नियम. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा, वाटायची पाच-चार-चार अशी. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम, आणि त्यांच्या खाली दश्शी. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात, आणि त्यातलं पहिलं पान म्हणजे उतारी. उतारी ज्या रंगाची असेल तो रंग हातात असेपर्यंत द्यावाच लागतो, नसेल तर हुकमाने, म्हणजे बाकी रंगांवर चढणाऱ्या रंगाने, मारता येतं किंवा दुसरं काहीही टाकता येतं. चार रंगांच्या चार दश्शा, त्याच मेंढ्या. ज्या जोडीने जिंकलेल्या हातांत तीन मेंढ्या आल्या तिने डाव जिंकला. चारही आल्या तर कोट. आणि दोन-दोन अशा वाटल्या गेल्या तर हात मोजायचे, ज्यांचे सात किंवा जास्त त्यांचा डाव. तेराच्या तेरा हात एकाच जोडीने ओढले तर बावनपानी कोट. तो ज्याने एकदा केला तो पुढे दर लग्नात त्याची कथा सांगतो.

यातली गंमत आकड्यांत आहे. मेंढ्या चार, म्हणजे सम. बरोबरी होऊ शकते. हात तेरा, म्हणजे विषम. बरोबरी होऊच शकत नाही. पहिली मोजणी अडली की दुसरी निकाल देते, आणि दुसरी कधीच अडत नाही. गणित मांडून पाहिलं तर नुसत्या वाटपातच मेंढ्या दोन-दोन अशा पडण्याचं प्रमाण शंभरात ३९ येतं, तीन-एक अशा पडण्याचं ५० च्या आसपास, आणि चारही एकाच जोडीच्या हातात येण्याचं ११. अर्थात हातात आलेली मेंढी आपली असं मुळीच नाही. ती ज्या हातात पडेल तो हात जिंकणाऱ्याची. पण दोन-दोनचा प्रसंग दर थोड्या डावांनी उभा राहणार, हे पानांतच लिहिलेलं आहे. म्हणून हात मोजायची ती दुसरी पायरी लागते, आणि म्हणून मेंढ्या नसलेले रिकामे हातसुद्धा कुणी सोडून देत नाही.

दुसरी गोष्ट दश्शीच्या जागेची. ती मोलाची, पण बळाची नाही. तिच्यावर चार पानं बसलेली: गुलाम, राणी, राजा, एक्का. हुकूम तर कुठल्याही रंगाची मेंढी दुर्रीनेसुद्धा मारतो. म्हणजे ज्या पानावर डाव ठरतो ते पान स्वतःला वाचवू शकत नाही. त्याला भिडूच्या मोठ्या पानाखाली सुरक्षित नेऊन ठेवावं लागतं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात वेगळी तऱ्हा आहे. तिथे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, अशी १२० गोल पानं. राजा आणि प्रधान सोडले तर पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत उलटा क्रम, एक्का मोठा. शिवाय दिवसा खेळ सुरू करायचा मान रामाचा, रात्री कृष्णाचा. दश्शी तिथे कधी वरिष्ठ असते, कधी कनिष्ठ. मेंढीकोटाने मात्र तिला कायमची मधे अडकवून ठेवली आणि तिच्याच गळ्यात डावाचं मोल बांधलं.

मेंढी हातात असलेल्या माणसाकडे बघावं. त्याला समोरच्याकडे बघता येत नाही, कारण खाणाखुणा करायच्या नाहीत हा नियम. आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. भिडूने एक्का उतरला की ती मेंढी इतक्या झटकन बाहेर पडते की ती आधीपासून कोपऱ्यात काढून ठेवली होती हे सगळ्यांना कळतं. आमची आजी यासाठी आम्हा नातवंडांना एकच शिस्त लावायची. पान वेगळं काढून धरायचं नाही, आणि पान टाकताना आपटायचंही नाही. आपटलं म्हणजे ‘हे मोठं आहे’ असं भिडूला सांगितलं. ती स्वतः एक्का आणि दुर्री एकाच गतीने ठेवायची.

हुकमाच्या रीती घराघरांत वेगळ्या. बंद हुकमात पिसणाऱ्याच्या उजवीकडचा खेळाडू पहिल्या पाच पानांतून एक पान पालथं घालून ठेवतो. कुणाकडे उतारीचा रंग संपला आणि त्याने विचारलं की तो हुकूम उघडा पडतो. कट हुकमात आधी काहीच ठरलेलं नसतं. ज्याचा रंग पहिल्यांदा संपेल तो जे पान टाकेल तो हुकूम. मला स्वतःला बंद हुकूम जास्त आवडतो. पालथ्या पानाभोवती सगळा डाव फिरत राहतो, चौघांपैकी एकालाच ते माहीत असतं, आणि त्याच्या भिडूला ते त्याच्या उताऱ्यांवरून ओळखावं लागतं. कट हुकूम लहान मुलांना शिकवायला बरा, कारण पाच पानं बघून अंदाज बांधायचं ओझं नसतं. पण त्यात नशिबाचा वाटा वाढतो.

एका डावाचा शेवट इथे पानापानाने सांगतो, म्हणजे दोन मोजण्या एकमेकींत कशा गुंततात ते दिसेल. गौरी जेवून झाल्या होत्या, बाहेर पाऊस, ओटीवर आमचा डाव. काका आणि आई एका बाजूला, आत्या आणि मी दुसऱ्या. इस्पिक हुकूम, आणि तेरा इस्पिक पडून गेलेले. अकरा हात झाले होते. त्यांचे सहा, आमचे पाच. मेंढ्या त्यांच्या दोन, आमची एक. चौकटची दश्शी अजून बाहेर यायची होती. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पानं. उतारी काकांची.

काकांकडे चौकट गुलाम आणि किलवर राजा. चौकटचा एक्का-राजा आधीच गेलेला. त्यांनी मेंढी ओढायला चौकट गुलाम टाकला. आत्याकडे चौकट एकच, तीच दश्शी, शिवाय किलवर पंजी. तिला दश्शी द्यावीच लागली, आणि काकांनी मांडी बदलली. मग आईची पाळी. तिच्याकडे बदाम नव्वी आणि किलवर एक्का. चौकट नाही, हुकूम संपलेला, दोनपैकी एक फेकायचं. एक्का कोण फेकेल? तिने नव्वी टाकली. माझ्याकडे चौकट राणी होती. हात आमचा, मेंढ्या दोन-दोन, हात सहा-सहा. माझ्याकडे उरलं एकच पान, बदाम अठ्ठी. ती टाकली. बदाम आता कुणाकडेच नव्हता. काकांचा किलवर राजा आणि आईचा किलवर एक्का त्या अठ्ठीखाली मुकाट्याने आले. सातवा हात, डाव आमचा.

त्यानंतर जी चर्चा झाली ती डावापेक्षा लांबली. आईने नव्वी ठेवायला हवी होती, बदाम किती गेलेत ते मोजायला हवं होतं, असं काकांचं म्हणणं. आत्याचं म्हणणं, चूक काकांचीच. गुलामाऐवजी किलवर राजा उतरायचा. मग आत्याची पंजी पडली असती, आईचा एक्का पडला असता, हात आईचा. आई पुढे बदाम नव्वी उतरली असती, तिच्यावर द्यायला आत्याकडे चौकट दश्शीशिवाय काही उरलंच नसतं. तीन मेंढ्या आणि आठ हात. मी मनात दोनदा फिरवून पाहिलं, आत्या बरोबर होती. पण चौघांच्या हातातली पानं डाव संपल्यावर कळतात, गुलाम टाकताना काकांना कळत नव्हती, हेही खरं. आई एवढंच म्हणाली, “ज्याच्यावर पिसणी त्याने आधी पिसा, मग भांडा.” काका पिसत बसले आणि पिसता पिसता पुन्हा तेच.

आता पिसणीकडे येतो, कारण मेंढीकोटाची गुणपद्धती म्हणजे पिसणी. वरवर पाहता ती नुसती शिक्षा वाटते: हरलात, कष्ट करा. पण पिसणाऱ्याच्या उजवीकडे नेहमी विरुद्ध जोडीचाच माणूस बसलेला असतो. पहिली पाच पानं बघून हुकूम तोच ठेवतो आणि पहिली उतारीही त्याचीच. म्हणजे हरलेल्यांच्या वाट्याला कष्ट आणि जिंकलेल्यांच्या वाट्याला हुकूम. हार पुढच्या डावात उतरते ती अशी. पिसणी एकदा चढली की ती सहज उतरत नाही, आणि पाच-सहा डाव सलग पिसून मग एखादा कट्टर डाव काढून ती समोरच्यांच्या गळ्यात घालण्याचा आनंद कुठल्याही गुणांच्या बेरजेत मिळत नाही. आमच्याकडे कोट बसला तर पिसणी त्याच जोडीतल्या दुसऱ्या भिडूकडे जाते. ‘तुझ्यामुळे कोट बसला, आता तू पीस,’ असा त्यातला न्याय. काही घरांत ती जागची हलत नाही. ही गोष्ट खेळायला बसण्याआधी विचारून घ्यावी.

या पद्धतीत खेळाला मागचं एकच लक्षात ठेवावं लागतं: कॅट कुणाच्या हातात आहे. कोण किती डाव जिंकलं याची बेरीज कुठेच नाही. मला वाटतं मेंढीकोट आपल्या घरांत इतका रुजला तो यामुळे. गौरीच्या रात्री चौघंच्या चौघं सकाळपर्यंत बसून राहत नाहीत. कुणाचं बाळ उठतं, कुणाला चहा ठेवायचा असतो, शेजारच्या वाडीतलं कुणी आरतीला येतं आणि बसतं. “माझी पानं घे गं जरा” म्हणून माणूस उठतं, दुसरं त्याच्या जागी बसतं, आणि खेळ तसाच पुढे जातो. गुणांच्या खेळात हे चालत नाही. तिथे ७२ वर असलेल्या माणसाच्या जागी कुणी बसलं तर ते ७२ कुणाचे, हा प्रश्न येतो, आणि मागाहून आलेल्याला शून्यावरून सुरू कर म्हणणंही अन्यायाचं. मेंढीकोटात उशिरा आलेला आणि संध्याकाळपासून बसलेला दोघंही एकाच रेषेवर असतात. म्हणून आजी खेळू शकते, स्वयंपाकघरातून मधेच येऊन एक डाव टाकून जाणारी वहिनी खेळू शकते, आणि कामांच्या गर्दीत ज्या बायकांना सलग दोन तास कधी मिळत नाहीत त्यांनाही यात जागा राहते. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

मुंबईच्या लोकलमध्येही हेच कारण. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणारे ग्रुप मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून किंवा रेक्झिनचा तुकडा ताणून धरून खेळतात. तिथे लिहायला हात मोकळा नसतो, एकजण ठाण्याला उतरतो, दुसरा दादरला, त्यांच्या जागी उभ्यांपैकी कुणी आत सरकतो. भायखळा गेलं की पानं पिशवीत. ज्या खेळाचा हिशेब दर डावाला फिटतो तोच खेळ अशा प्रवासात तग धरतो. (दारात उभ्या असलेल्यांना त्या चौघांच्या गुडघ्यांचा त्रास होतो हेही खरं, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.)

गुण मोजायची पद्धत बदलली की खेळ बदलतो याचा पत्त्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दाखला ब्रिजचाच आहे. १९२५ साली अमेरिकेतले हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट ‘फिनलंड’ नावाच्या जहाजातून पनामा कालव्यातून जाणारा प्रवास करत होते. सोबतच्या मंडळींबरोबर तेव्हाचा ऑक्शन ब्रिज खेळताना त्यांनी गुणांचा नवा तक्ता लावून पाहिला. पानं तीच, भिडू तेच, हात करायची रीत तीच. मुख्य फरक असा की जितके हात करू असं आधी बोलाल तितक्यांचेच गुण ‘गेम’साठी धरायचे, वरचे वेगळे. त्या नव्या तक्त्याने बोलीला वजन आलं आणि आज जगभर खेळला जातो तो कॉन्ट्रॅक्ट ब्रिज तयार झाला.

गुण आले की मागून आणखी एक गोष्ट येते. रमीत चित्राच्या पानाला दहा, हात न खेळता सोडला तर वीस, पूर्ण अडकलात तर जास्तीत जास्त ऐंशी. आकडा तयार असला की त्याला रुपया जोडायला वेळ लागत नाही. एक पॉइंट म्हणजे चार आणे, पुढे एक रुपया, पुढे दहा. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या खटल्यात म्हटलं. कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरावं काय टाकावं याला बुद्धी लागते, असा त्याचा आधार होता. ते बरोबरच आहे. पण फोनवरच्या पैशांच्या रमीने गेल्या काही वर्षांत किती घरं पोखरली ते आपण सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलंय, आणि शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा आला. कौशल्याचा खेळ असूनही तो माणसाला बुडवू शकतो, कारण बुडवतो तो आकडा. मेंढीकोटावर पैसे लावता येतच नाहीत असं नाही, लावणारे कशावरही लावतात. पण मोजून मांडावं असं काही तो हातात देत नाही. ज्या घरांत ‘पत्ते’ म्हटलं की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडायची, त्या घरांतही मेंढीकोट चालायचा, तो याच जोरावर असं माझं मत आहे.

तिघंच असले तर पाच-तीन-दोन. याची गुणपद्धती मेंढीकोटाच्या अगदी उलट टोकाची, आणि तितकीच सुंदर. पानं तीस: चारही रंगांची एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची अठ्ठावीस, वर बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती. प्रत्येकाला दहा. ज्याने हुकूम बोलायचा त्याने पाच हात करायचे, वाटणाऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन, आणि ही पाळी फिरत राहते. पाच, तीन आणि दोन मिळून दहा. हातही दहाच. म्हणजे एकाचे जितके जास्त झाले तितकेच कुणाचे तरी कमी झाले, त्यात फरक पडूच शकत नाही. कुणालाही गुण मिळत नाहीत. मिळतं ते येणं, आणि चढतं ते देणं.

हे देणं पुढच्या डावात फेडायचं. नवी पानं वाटून हुकूम बोलून झाला की ज्याचे हात जास्त झाले होते तो, ज्याचे कमी होते त्याच्या हातातलं एक पान न बघता ओढतो आणि त्याबदल्यात आपल्याला नको असलेलं एक पान देतो. दोन हात येणं असेल तर दोनदा. पत्त्यांच्या खेळातला याहून जिवंत क्षण मला माहीत नाही. पानं पंख्यासारखी उघडलेली, पण पाठ ओढणाऱ्याकडे. ओढणारा बोट एकेका पानाच्या कडेवर ठेवत जातो आणि नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर. हुकमाच्या एक्क्यावर बोट आलं की लहान मुलांचा श्वास थांबतो. जरा मोठी झाली की ती मुद्दाम दुर्लक्ष करायला शिकतात, आणि आणखी मोठी झाली की भलत्याच पानावर श्वास थांबवायला. माझा भाचा एक पान बोटभर वर काढून धरायचा, ‘हे ओढ’ म्हणून. ते कधी खरंच फालतू असायचं, कधी राजा. त्याची आई प्रत्येक वेळी तेच ओढायची, आणि मुलगा तिच्याकडे अशा नजरेने बघायचा की हिला कसं कळतं.

यात एक खोट आहे आणि ती मान्य करायला हवी. ज्याचे हात कमी पडले तो पुढच्या डावात आणखी दुबळा होतो. चांगली पानं जातात, हलकी येतात. सलग दोन-तीन डाव असे गेले की लहान मूल रडकुंडीला येतं. पाचाची पाळी फिरत असल्यामुळे थोडा उतारा मिळतो, आणि देणं साठत नाही, दर डावाला फिटून नवं होतं. तरीही सहा-सात वर्षांचं मूल खेळत असेल तर आम्ही ओढणं एकाच पानापुरतं ठेवतो. बाकीचं माफ.

जजमेंटबद्दल थोडक्यात. त्यात दर डावाला पानांची संख्या एकेकाने कमी होत जाते, हुकूम ठरलेल्या क्रमाने बदलतो, आणि आपण किती हात करू ते आधी बोलायचं. बरोबर तितकेच झाले तर दहा आणि बोललेल्याइतके, नाहीतर शून्य. सगळ्यात धारदार नियम शेवटी बोलणाऱ्यासाठी: सगळ्यांच्या बोलीची बेरीज वाटलेल्या पानांइतकी होईल असा आकडा त्याला बोलता येत नाही. म्हणजे सगळ्यांचं एकदम बरोबर येणं नियमानेच बंद केलेलं. पाच-तीन-दोनमध्ये हिशेब जुळलाच पाहिजे, इथे जुळताच कामा नये. कॉलेजातल्या मुलांना तो फार आवडतो, आणि त्याच्या कागदावरची खाडाखोड बघितली की का आवडतो ते कळतं. पण त्यातून मधेच उठता येत नाही. सुरू केला की संपवावा लागतो.

सहाजण असले की मेंढीकोटात चारही दुर्र्या काढून टाकतात. अठ्ठेचाळीस पानं, प्रत्येकाला आठ, तिघा-तिघांच्या दोन बाजू, एकाआड एक बसलेल्या. आणि इथे ती सुरेख रचना मोडते, कारण हात आता आठ, म्हणजे सम. मेंढ्या दोन-दोन आणि हात चार-चार, असं होऊ शकतं. आमच्याकडे मग शेवटचा हात ज्याचा त्याचा डाव. मला हे पटतं, कारण शेवटच्या हातासाठी पान राखून ठेवण्यात कसब आहे. माझे मामा मात्र अशा वेळी पिसणी जिथे आहे तिथेच राहावी या मताचे, ‘जिंकला नाहीत म्हणजे सुटला नाहीत.’ दोन्हींत तथ्य आहे. तुमच्याकडे काय करतात ते डावाआधी ठरवून घ्या, डाव चार-चारवर आल्यावर ठरवायला बसलात तर ठरत नाही.

आता आमची भावंडं पांगली आहेत. एक चुलतभाऊ न्यू जर्सीत, एक बहीण बंगळुरात, आत्या रत्नागिरीला, मी पुण्यात. फोनवर खेळतो, व्हिडिओ कॉल बाजूला चालू ठेवून. पानं चांगली वाटली जातात, रंग असून दुसरं पान टाकता येत नाही, मेंढ्या आपोआप मोजल्या जातात. पण पिसणीही आपोआप होते, आणि पहिल्या काही आठवड्यांतच जाणवलं की हरण्याला काही अर्थच उरला नाही. हरलं काय, जिंकलं काय, पुढची पानं समोर तयार. चर्चा आटली. आत्या दुसऱ्या डावानंतर “बरं, ठेवते” म्हणायला लागली.

मग बहिणीने तोड काढली. रविवारचा शेवटचा डाव जी जोडी हरेल तिच्यावर पुढच्या खेपेची पिसणी. म्हणजे वेळ जुळवायची, चौघांना कळवायचं, आदल्या दिवशी आठवण करायची. न्यू जर्सी आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा, त्यात आत्याचं देवदर्शन आणि भावाच्या मुलांचा पोहण्याचा क्लास, त्यामुळे हे काम बावन्न पानं पिसण्यापेक्षा कितीतरी जड आहे. कोट बसला तर पुढच्या तिन्ही रविवारांचं काम एकदम. गेल्या महिन्यात भाऊ आणि आत्या यांच्यावर कोट बसला. आत्याला फोनवर मेसेज टाइप करायचा कंटाळा, म्हणून ती सरळ सगळ्यांना एकेक करून फोन लावते आणि प्रत्येकाशी अर्धा तास बोलते. वेळ शेवटी भाऊच ठरवतो. पण तिसरा रविवार झाल्यावर पिसणी आमच्यावर यायची वेळ आली तेव्हा आत्याने विचारलं, की कोटाचे तीनऐवजी चार रविवार केले तर चालतील का.